पंचवीस ऐकलं, बावन्न लिहिलं

आई-बाबांनो, आणि नातवंडांना शाळेत सोडायला येणाऱ्या आजी-आजोबांनो,

दुसरीतल्या मुलाची वही हातात आली की आपली नजर आधी लाल शाईवर जाते. किती फुल्या आहेत, अक्षर कसं आहे, आणि (हे कुणी कबूल करत नाही) शेजारच्या मुलीचं कसं आहे. मग चौकशी सुरू होते, ‘एवढं सोपं कसं चुकलं? लक्ष कुठे होतं?’ मी दुसरीचा वर्ग घेणारी बाई. माझं निम्मं काम या फुल्यांवरच चालतं. बरोबर आलेलं उत्तर मला फारसं काही सांगत नाही. ते समजून आलं, पाठ होतं म्हणून आलं की शेजारच्या पाटीवर पाहून आलं, कळायला मार्ग नसतो. चुकलेलं उत्तर मात्र बोलतं. म्हणून दुसरीत मुलं काय शिकतात ते आज पुस्तकांच्या अनुक्रमणिकेतून न सांगता चुकांच्या वाटेने सांगते.

सगळ्यात गाजलेली चूक आधी घेऊ. ‘पंचवीस’ म्हटलं की मूल ५२ लिहितं. घरी म्हणतात, उलटं लिहितो, धांदरट आहे. धांदरट कसला, त्याने अगदी ऐकल्याबरहुकूम लिहिलेलं असतं! पंचवीस या शब्दात कानावर आधी पाच पडतो आणि मग वीस. कागदावर मात्र आधी दोन लिहायचे आणि मग पाच. एकशे पंचवीसमध्ये तर गंमतच आहे. कानावर एक, पाच, दोन या क्रमाने अंक येतात, म्हणून १५२ लिहिणारं मूल लक्ष देऊनच ऐकत असतं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस. ‘एकोणतीस’ मधला तीस ऐकून मूल ३९ लिहितं, कारण सदतीस आणि अडतीस या शब्दांत ज्या तिसाने ३७ आणि ३८ दिले, तोच तीस इथे २९ कसा देतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एक कमी तीस, म्हणजे मनातल्या मनात वजाबाकी करून संख्या लिहायची. बरं, नियम म्हणावा तर तोही शेवटपर्यंत टिकत नाही. ८९ ला एकोणनव्वदही म्हणतात आणि नव्याऐंशीही. ९९ ला कुणी एकोणशंभर म्हणत नाही. आपण मोठी माणसं हे सगळं कधी गिळून बसलो ते आठवत नाही, म्हणून ते सोपं वाटतं.

२०१९ च्या जूनमधला वाद आठवतो का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांची नेहमीची नावं होतीच, पण सोबत ‘वीस पाच’, ‘साठ तीन’ असंही वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी भरलेली ती नावं आणि त्यांचा उलटा क्रम यामुळे लहान मुलांची संख्यांशी गट्टी जमत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. कन्नड, तेलुगू या भाषांत संख्या वीस-पाच अशाच क्रमाने बोलतात, इंग्रजीतही विसाच्या पुढे तसंच. तरी आपल्याकडे विनोदांचा पाऊस पडला, विषय विधानसभेपर्यंत गेला, मराठी बुडाली म्हणून झालं. त्या वादात मी दुसरीच्या मुलांच्या बाजूची आहे. नावं दोन्ही शिकवावीत. ‘वीस पाच’ ही पंचवीसपर्यंत जायची पायरी आहे, पंचवीस काढून टाकायचा कट नाही. घरी मूल अडलं तर बिनदिक्कत विचारा, ‘वीस आणि पाच, मिळून काय म्हणतो आपण?’ आजीचा पंचवीस त्याने सुरक्षितच राहतो.

यापुढची चूक जास्त खोल असते. तीनशे सात लिहायला सांगितलं तर ३००७. सत्तावीस अधिक पंधरा केले तर ३१२, म्हणजे सात आणि पाच बारा, ते अख्खे बारा खाली. दोन आणि एक तीन, तेही खाली. आणि बेचाळीसमधून सतरा वजा केले तर ३५. हे शेवटचं उत्तर नीट पाहा. दोनातून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातातून दोन काढले. त्याला शिकवलेलं असतं ना, मोठ्यातून लहान वजा करायचं! या तिन्ही चुकांचं मूळ एकच. ‘४२’ मधला चार म्हणजे चार नव्हे, चार दशक, ही गोष्ट अजून त्याच्या बोटांत उतरलेली नाही. दुसरीच्या गणिताचा गाभा हाच. पाढे, आकार, घड्याळ, दिनदर्शिका, वीत आणि पावलांनी मोजणं, गुणाकाराची सुरुवात, सगळं आहे, पण दशक-एकक डळमळीत राहिलं तर पाचवीतला भागाकारसुद्धा डळमळतो.

शाळेत आम्ही त्यासाठी काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधतो, मण्यांची माळ लावतो, दशकाचे दांडे आणि सुटे मांडतो. घरी यातलं काही नको. दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, कोथिंबीरवालीला सतरा रुपये द्यायचेत. एक नोट दिली, उरले सात. हातात सुटे दोनच. आता काय? ‘दुसरी नोट मोडावी लागेल,’ असं मूल स्वतःहून म्हणालं की हातच्याची वजाबाकी त्याला आली. वहीत ती मांडायची कशी हे चार दिवसांत मीच शिकवीन. अडचण अशी की हल्ली घरोघरी मोबाइलवर कोड स्कॅन करून पैसे जातात, सुटे पैसे मुलांच्या हातून गेलेच आहेत. माझी एवढी विनंती आहे, आठवड्यातून एखादी खरेदी रोखीने आणि मुलाच्या हाताने करा. दुकानदार दोन मिनिटं खोळंबला तर खोळंबू दे. एक पथ्य मात्र पाळा. हातचा घेण्याची ‘आपल्या वेळची’ रीत घाईने घोकून घेऊ नका. रीत येते, आणि का ते राहून जातं.

आता एक अशी चूक सांगते जी गणिताच्या वहीत सापडते, पण गणिताची नसते. उदाहरण असं, राजूकडे १५ गोट्या आहेत. त्या सलीमकडच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सलीमकडे किती? वर्गातली कितीतरी मुलं २१ लिहितात. ‘जास्त’ दिसलं की मिळवायचं, ‘उरले’ दिसलं की वजा करायचं, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवलेलं असतं, किंवा कुणीतरी शिकवलेलं असतं. (शिकवणीवाल्या ताई-दादांनो, रागावू नका.) याच मुलांना १५ वजा ६ करा म्हटलं तर झटक्यात ९ सांगतील. म्हणजे वजाबाकी येते, वाक्य येत नाही. कोणाच्या कोणापेक्षा जास्त, हे मराठी समजायचं काम आहे. ‘बाई, बेरीज करू की वजाबाकी?’ हा दुसरीत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असावा, आणि त्याचं उत्तर द्यायचं नसतं. ‘गोष्ट सांग बघू आधी. जास्त गोट्या कोणाकडे?’ एवढंच विचारायचं. गोष्ट नीट सांगता आली की मूल स्वतःच म्हणतं, ‘अगं बाई, सलीमकडे तर कमी आहेत!’

इथून मराठीच्या वहीकडे वळू, कारण तिथेही कान आणि हात यांचं तेच भांडण आहे. ‘किती’ या शब्दात कानावर आधी क पडतो, मग इ. कागदावर वेलांटीचा दांडा आधी उभा राहतो आणि क त्याच्या उजवीकडे. ‘सूर्य’ मध्ये र हा य च्या आधी ऐकू येतो, पण रफार बसतो य च्या डोक्यावर. मूल तो सू च्या डोक्यावर ठेवतं, आणि विचार केलात तर त्याचं म्हणणं रास्त आहे. प्रकाशातला र पायाशी, ट्रकमधला काकपदासारखा खाली, वाऱ्यातला आणखी वेगळा. एकाच र ची ही चार सोंगं आणि एकूणच जोडाक्षरं पक्की होण्याचं मुख्य वर्ष दुसरी. म्हणून या वर्षात ‘पुसतक’, ‘मितर’, ‘सुरय’ असं भरपूर दिसणार. त्यातून मूल शब्द तोडून ऐकायला शिकलंय हे कळतं. आता तोडलेलं जोडायला शिकेल. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी तर या वयात मी शेवटी ठेवते. पहिली आणि दुसरी वेलांटी मोठ्यांच्याही हातून चुकते, दुकानांच्या पाट्या पाहा.

घरची बोली ही आणखी एक बाब. ज्या घरात अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलतात तिथलं मूल ‘पानी’ लिहितं, कारण घरी तेच ऐकतं. पुस्तकात ‘पाणी’ आहे, ते त्याला शिकायचंच आहे, पण ‘आपलं बोलणं अशुद्ध’ हे त्याला शिकायचं नाही. तुम्हीही ते शिकवू नका. ज्या घरांत कोरकू, गोंडी, भिली बोलतात, त्या मुलांसाठी तर शाळेची मराठी हीच जवळजवळ दुसरी भाषा असते. अशा मुलाशी घरी मोडकीतोडकी प्रमाण मराठी बोलत बसण्यापेक्षा आपल्या भाषेत भरपूर गोष्टी सांगणं जास्त उपयोगाचं. गोष्टीला सुरुवात असते, मध्ये काहीतरी अडतं, मग ते सुटतं, हे ज्याला आपल्या भाषेत कळलं त्याला कोणत्याही भाषेतला धडा कळायला मदत होते.

वाचनाचं एक सांगायलाच हवं. मूल खडखडाट वाचतं म्हणून आपण खूश असतो. खुशाल असा, पण धड्याचं पान झाकून विचारा, काय झालं त्या धड्यात? पुष्कळदा पाठ झालेला धडा वाचल्यासारखा म्हटला जातो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे न पाहिलेला मजकूर द्या. एसटीवरची पाटी, बिस्किटाच्या पुड्यावरची ओळ, लग्नपत्रिका. तिथे मूल पहिलं अक्षर पाहून अंदाज ठोकतं का, ‘बाजरी’ ला ‘बाजार’ म्हणतं का, ते कळेल. केंद्र शासनाचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. दुसरीसाठी त्यातलं लक्ष्य असं की मुलाने वयाला साजेसा मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचावा. ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करावी. वेग कशाला, असं काहींना वाटेल. अक्षर-अक्षर जुळवत जाणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं, मग अर्थ लागणार कसा? पण म्हणून घरी मोबाइलवर सेकंद मोजत समोर बसू नका. तसं करणारे पालक आहेत, आणि त्यांची मुलं फार भराभर, काहीही न कळता वाचतात.

इंग्रजीवरून घराघरांत सर्वाधिक धसका असतो, आणि दुसरीत धसक्याचं तिथे फारसं काही नाही. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हापासून पालकांचा प्रश्न एकच, ‘स्पेलिंग किती पाठ झाली?’ दुसरीतलं इंग्रजी आधी कानाचं आणि तोंडाचं आहे. गाणी, सूचना ऐकून तशी कृती करणं, आसपासच्या वस्तूंची नावं, दोन-तीन शब्दांत उत्तर. लिहिणं त्यामागून हळूहळू. यातली मजेची चूक म्हणजे मूल ‘वन’ चं स्पेलिंग ‘ओने’ वाचतं आणि ‘कम’ चं ‘कोमे’. हसू येतं खरं, पण त्याने मराठीतून एक पक्का नियम उचललेला असतो, जे अक्षर दिसतं त्याचा उच्चार करायचा. देवनागरीवर पोसलेल्या मुलाने दुसरं काय करावं? ‘चुपके चुपके’ सिनेमातला प्यारेमोहन ड्रायव्हर इंग्रजी स्पेलिंगचा असलाच प्रश्न विचारून आपल्या शुद्ध हिंदीवाल्या मालकांना भंडावतो. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तेव्हा एवढंच सांगायचं, ‘इंग्रजीत शब्द आधी ऐकून ओळखायचे, मग बघून.’ बाकी तिसऱ्या भाषेचा जो गदारोळ झाला, त्यातले पहिलीपासूनच्या हिंदीचे दोन्ही शासन निर्णय २०२५ च्या जूनअखेरीस सरकारने मागे घेतले. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

‘आज शाळेत काय शिकवलं?’ ‘काही नाही, खेळलो.’ हे उत्तर ऐकून फी वाया गेल्यासारखा चेहरा करणारे पालक मी पाहिले आहेत, फी नसलेल्या शाळेतसुद्धा! पहिली-दुसरीला ‘खेळू, करू, शिकू’ नावाचा विषय आहे. त्यात आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला अशी तिन्ही येतात. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, भेंडीचे ठसे उमटवणं, ताल धरणं, लंगडी. आता वाईट अक्षराची तक्रार आठवा. पेन्सिल धरायची ती बोटं या वयात अजून तयार होत असतात. त्यांना ओळीवर ओळी लिहायला लावण्यापेक्षा कणकेचा गोळा द्यावा, शेंगा सोलायला द्याव्यात, शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावू द्यावीत. लंगडी घालताना एका पायावर तोल, आपल्या डावाची वाट पाहणं, गडी मोजणं, ‘बाद’ झाल्यावर न रडणं, हे सगळं चालतं. शेवटच्या गोष्टीला कित्येकांना पूर्ण वर्ष लागतं. चित्राबाबत एकच गाऱ्हाणं आहे, आणि ते तुमच्याबद्दल आहे. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी हे चित्र मुलाला कृपा करून घरी शिकवू नका. ज्यांनी आयुष्यात डोंगरातून उगवणारा सूर्य पाहिलेला नाही, ती मुलंही वर्षानुवर्षं तेच काढतात. आपल्या गल्लीतला पाण्याचा टँकर काढू द्या.

टँकरवरून आठवलं, दुसरीत विज्ञान, भूगोल कुठे आहेत असं काही जण विचारतात. परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक तिसरीत येतं, आणि तेही प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं. दुसरीत परिसर हा भाषेत आणि गणितात मिसळलेला असतो. ‘पाणी कुठून येतं’ यावर मूल चार वाक्यं बोलतं तेव्हा ती मराठीही असते, परिसरही, आणि हंडे मोजले तर गणितही. तिसरीत हे विषय वेगळे होतात, पुस्तकं जाड होतात, आणि ज्याला आपलं आपण वाचून समजत नाही त्याला एकदम चारही बाजूंनी अडायला होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वय तीन ते आठ हा पायाभूत स्तर धरला आहे आणि दुसरी हे त्याचं शेवटचं वर्ष, ते यासाठी. एरवी तुम्ही निर्धास्त राहिलात तरी चालेल, पण दिवाळीनंतरही साधी अनोळखी वाक्यं वाचता येत नसतील तर ‘येईल हळूहळू’ म्हणत बसू नका. बाईंना भेटा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नसणारी मुलं ते सांगत नाहीत, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्यांना वाटतं.

गृहपाठाचंही बोलून घेते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा असं म्हटलं आहे, आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो. तुम्हीच मागणी करता म्हणून कित्येक शाळा गृहपाठ देतात, हे आतलं गुपित आज फोडते. ‘वही कोरी आली’ अशी तक्रार यायला नको म्हणून एक ते शंभर पुन्हा लिहायला सांगितलं जातं. ज्याला येतं त्याला कंटाळा, ज्याला येत नाही तो २९ च्या जागी ३९ शंभरदा लिहून पक्कं करतो.

आणि प्रगतिपुस्तक. आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीसाठी त्यात ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आणि फक्त ३० टक्के सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाला. आकारिक म्हणजे वर्षभर रोजच्या कामातून पाहिलेलं. तोंडी काम, कृती, उपक्रम, वर्गातला स्वाध्याय, निरीक्षण. त्याच्या नोंदी शिक्षक शब्दांत करतात. ‘शाब्दिक उदाहरण स्वतः वाचून सोडवते’, ‘जोडाक्षरापाशी अडखळतो’, ‘गटात आपली पाळी येईपर्यंत थांबतो’ अशा. तुम्ही त्या नोंदींवरून सरळ घसरून श्रेणीच्या रकान्यात जाता, ‘अ-एक का नाही, अ-दोन का’ म्हणून हुज्जत घालता. खरं सांगायचं तर काही शिक्षकही या नोंदी एकमेकांच्या वहीतून उतरवतात, कारण त्या कुणी वाचत नाही हे त्यांनाही माहीत आहे. तुम्ही वाचू लागलात तर हे थांबेल. पुढच्या पालकसभेला येताना वहीतल्या तीन फुल्या निवडून आणा आणि विचारा, ‘बाई, हे असं का केलं असेल तिने?’ उत्तर द्यायला मला शाळा सुटल्यावर थांबावं लागलं तरी चालेल. अक्षर कधी सुधारणार, ते मात्र यंदा विचारू नका.